हिल्सबरोच्या हॉलमधली जर्मन संसद

काका, मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर लिही म्हणून मला सांगितलं, तेव्हा सोबत एक कागदही दिला. जन्म कुठला, शाळा कुठली, किती वर्षं इतिहास शिकवला, मुलाकडे ऑकलंडला कधी आलात, मागे कोण कोण आहे. तो कागद मी परत केला. ज्यांना ते हवंय त्यांनी तुमच्या मिलिंदला विचारावं. मला पत्रकं लिहिता येतात, दुसरं काही येत नाही. आणि माझ्या पत्रकात 'तुम्ही' म्हणजे आजवर कायम कुठली तरी कंपनी असायची नाहीतर सरकार. त्या शब्दात पहिल्यांदाच माझं माणूस आहे, आणि ते उलट उत्तर द्यायला नाही.

तुम्ही गेलात त्या मंगळवारी आपलं भांडण चालू होतं. एक ठराव होता, मी लिहिलेला. तुम्हाला तो घातक वाटत होता, मला तुम्ही अति करताय असं वाटत होतं. त्यावर मत गुरुवारी होतं. तुम्ही दोन दिवस आधी निघून गेलात. हे काही बरोबर केलं नाहीत.

आपली ओळख झाली तीही भांडूनच. माझी आजी सहा महिन्यांसाठी पुण्याहून आली होती आणि घरात बसून कंटाळली होती. म्हणून आई तिला दर शनिवारी हिल्सबरोच्या चर्च हॉलवर पाठवायची. दोन ते चार, ज्येष्ठांचा कट्टा. मुलांकडे आलेले आईवडील तिथं हाउझी, म्हणजे आपला तंबोला, खेळायचे, डबे उघडायचे, गुडघ्यांबद्दल बोलायचे. मी आजीला सोडायला आले आणि हातात गठ्ठा होताच, म्हणून प्रत्येक खुर्चीवर एक पत्रक ठेवत गेले. ऑफिसं झाडणाऱ्या सफाई कामगारांच्या पगारवाढीचं पत्रक. त्यातल्या निम्म्या बायका सामोआच्या, काही आपल्याकडच्या. बाकी सगळ्यांनी त्यावर चकलीचे तुकडे ठेवले. तुम्ही खिशातून लाल पेन काढलंत.

"हे तू लिहिलं का?"

"हो."

"जोर आहे. पण हा शब्द इथं काहून?" 'फॅसिस्ट'खाली तुम्ही रेघ मारली होती.

"कारण ते आहेतच तसे! एका मेसेजवर बायकांच्या शिफ्ट बदलतात."

"म्हणजे निर्दयी आहेत. कंजूष आहेत. उर्मट आहेत. इतके शब्द असताना तू हाच सगळीकडे चिकटवत बसली, तं खऱ्याच्या वेळेला काय म्हणशील, पत्रकबाई?"

पुढं हॉलमधल्या सगळ्यांनी मला तेच नाव पाडलं. माझं डोकं फिरलं होतं. मी म्हटलं, "मग सांगा ना, खरा कसा येतो?"

तुम्ही पेनाला टोपण लावलंत. "तो येत नाही. त्याला आणतात. सहा शनिवार ये, दाखवतो."

मी आले ते तुम्हाला खोटं पाडायला.

तुमची पद्धत मी दुसरीकडे कुठंही पाहिलेली नाही. सिरीअलच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून तुम्ही कार्डं केली होती. पहिलं महायुद्ध हरलेल्या जर्मनीतले पक्ष, माणशी एक कार्ड. वर पक्षाचं नाव, खाली एकच ओळ. मला वाटलं, त्या ओळीत जाहीरनामा असणार. तो नव्हता. त्या पक्षाला कशाची भीती वाटते, ते लिहिलं होतं. "काय पाहिजे हे विचारलं की सगळे भाषण करतात," तुम्ही म्हणालात. "भीती विचारा, तं माणूस सापडतो."

देशमुख आजोबा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मान ताठ, त्यांना जमीनदारांचा आणि कारखानदारांचा जुना राष्ट्रवादी पक्ष. भीती: कामगारांची. बँकेत युनियन चालवलेले कुलकर्णी आजोबा आणि त्यांच्या शेजारचे दोघं कम्युनिस्ट. भीती: कामगार दुसऱ्याच कुणाच्या मागे जातील. माझी आजी सोशल डेमोक्रॅट, म्हणजे ती लोकशाही उभी करण्यात ज्यांचा सर्वांत मोठा हात होता तो पक्ष. भीती: आपल्या हातून नियम मोडेल. आजी चौथीपर्यंत शिकलेली. ती कार्ड डोळ्याजवळ नेऊन म्हणाली, "हे मात्र खरंय हो." आणि मला कॅथलिकांचा मध्यममार्गी पक्ष. भीती: आपल्याला पुन्हा परकं ठरवतील.

"मला कॅथलिकांचं काय कळतं, काका?"

"परकं ठरणं कळते ना? झालं तं मग."

त्या माणसाचं नाव हॉलमध्ये घ्यायचं नाही, हा तुमचा पहिला नियम. नाव घेतलं की सगळे त्याच्याकडेच बघत बसतात, आणि आपल्याला बघायचंय बाकीच्यांकडे. त्याच्या पक्षाचं कार्डही कुणाला दिलं नाहीत. कोपऱ्यात एकावर एक रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, तो त्याचा पक्ष. "ते काय करणार हे मला माहीत आहे. तुमचं माहीत नाही." मी तोवर कितीतरी पत्रकांवर त्या मिशीचं चित्र छापलं होतं. ती मिशी सोडून मी कधी काही पाहिलंच नव्हतं, हे मला त्या पहिल्या शनिवारी, चकल्यांच्या वासात कळलं.

आधी तुम्ही घटना शिकवलीत. किती प्रेमानं! हरलेला, उपाशी देश, आणि त्यानं स्वतःसाठी काय लिहिलं: बायकांना मत, बोलण्याचं स्वातंत्र्य, संघटनेचं स्वातंत्र्य. "आम्ही घटनेवर जगलेली माणसं," तुम्ही म्हणालात, "आम्हाला अशा पुस्तकाचा वास कळते." मग पान उलटावं तसं बोट उलटं केलंत. त्यातच एक कलम होतं, अठ्ठेचाळिसावं. संकट आलं तर राष्ट्राध्यक्षानं हक्क बाजूला ठेवावेत आणि फर्मान काढावं. "जहाल औषध होतं. अडीनडीला थेंबभर घ्यायचं. पुढं पुढं ते जेवणाच्या जागी घेऊ लागले."

पुढचे शनिवार उगवायची मी दिवस मोजून वाट बघत होते हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. मंदी आली, हॉलमधल्या निम्म्यांना तुम्ही बेकार ठरवलंत. कुणाचंच बहुमत होईना. सरकारं पडत गेली, मग फर्मानांवरच कारभार सुरू झाला. संसद भरायची, पण कमी वेळा. आम्ही सगळे त्याला सरावलो. खरंच सरावलो, काका. तिसऱ्या शनिवारी तुम्ही "अजून एक फर्मान" म्हणालात आणि कुणी मान वर केली नाही. देशमुख आजोबा केळ्याचे वेफर्स वाटत होते.

त्याच दिवशी कुलकर्णी आजोबा माझ्या आजीवर ओरडले होते. "तुम्हीच खरे शत्रू! त्या खुर्च्यांपेक्षा तुम्ही वाईट! कामगारांचा घात तुम्ही केलात!"

आजी दचकली. "अहो, मी काय केलं तुमचं? आत्ता तर माझ्या चकल्या खाल्ल्यात!"

हॉल हसून हसून दमला. तुम्ही एकटेच हसला नाहीत. "असंच," म्हणालात. "अगदी असंच चाललं होतं. चकल्या सोडून."

मग एकोणीसशे बत्तीसच्या शेवटच्या निवडणुकीत त्या माणसाची मतं घटली. तुम्ही रचलेल्या खुर्च्यांमधल्या काही उचलून बाजूला ठेवल्यात आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. संपला! कुलकर्णी आजोबांनी तर आजीला टाळी दिली. तेव्हा देशमुख आजोबा, कुणी न विचारता, कार्डाकडे बघत म्हणाले, "नाही, नाही. उलट आता तर तो आमच्या कामाचा. मतं त्याची, मंत्रिमंडळात माणसं आमची जास्त. त्यानं भाषणं करावीत, कारभार आम्ही बघू."

तुम्ही त्यांच्याकडे बघत राहिलात. "देशमुख साहेब, हे तुम्हाला मी सांगितलं का?"

"नाही. पण साधं व्यवहाराचं आहे हो."

"हो," तुम्ही म्हणालात. "त्यांनाही तसंच वाटलं." आणि तो चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, झाला. कुणी कुठलं दार फोडलं नाही. नेमणूक झाली, रीतसर, सही शिक्क्यासह. माझ्या अंगावर काटा आला तो तिथं. मी आयुष्यभर दार फोडून येणाऱ्या माणसाविरुद्ध घोषणा दिल्या होत्या.

पाचव्या शनिवारी संसदेची इमारत जळली. दुसऱ्या दिवशी एका सहीनं हक्क गेले: वर्तमानपत्रांचे, सभांचे, घराच्या दाराचे, टपालातल्या पत्राचे. तुम्ही कुलकर्णी आजोबांजवळ गेलात आणि त्यांच्या हातातलं कार्ड काढून घेतलंत. तिघांनाही म्हणालात, "जा. आत जाऊन चहा करा."

"आम्ही काय केलं?"

"तेच तं. जा."

ते हसत गेले. तुम्ही किचनची खिडकी ओढून लावून घेतलीत. आम्ही बाहेर चर्चा करत राहिलो आणि आतून कपबश्यांचा आवाज येत राहिला. "त्यांना बोलवा ना आता," असं आमच्यातलं कुणीही म्हणालं नाही. मी सुद्धा. मी, जिच्या बॅगेवर 'एकावर वार म्हणजे सगळ्यांवर वार' असा बिल्ला होता.

आणि मग सहावा शनिवार. एकच कायदा: संसदेला न विचारता सरकारनं कायदे करावेत, घटनेबाहेरचेसुद्धा. दोन तृतीयांश मतं हवीत. कम्युनिस्ट चहा करत होते. सगळा हिशेब माझ्या पक्षावर येऊन थांबला होता. मी काही अगदीच बावळट नव्हते. अटी घातल्या. आमच्या शाळांना हात लावायचा नाही, न्यायाधीशांना हलवायचं नाही, राष्ट्राध्यक्षाचा नकाराधिकार तसाच ठेवायचा. "आणि हे सगळं लेखी पाहिजे," मी टेबलावर हात आपटून म्हणाले. युनियनच्या बैठकांत मी हेच शिकले होते.

"मिळेल," तुम्ही म्हणालात. "पत्र टाइप होतंय."

पाच मिनिटांनी मी विचारलं. "सही झाली. माणूस निघाला आहे घेऊन."

आणखी पाच मिनिटं गेली. पावणेचार झाले. चारला हॉल टोंगन लोकांच्या गाण्याच्या तालमीला द्यायचा होता, बाहेर गाड्या लागायला लागल्या होत्या. चहा येऊन निवत होता. सगळे माझ्याकडे बघत होते. देशमुख आजोबा म्हणाले, "अगं, दिलाय ना शब्द त्यांनी." मी हात वर केला.

शेवट काय होतो हे त्या हॉलमध्ये प्रत्येकाला माहीत होतं, काका. मला सर्वांत जास्त. तरी माझा हात वर गेला.

मग तुम्ही माझ्या आजीकडे वळलात. ती उभी राहिली, पदर नीट केला. सगळं हरलेलं होतं, तिचं मत असून नसून सारखं. ती म्हणाली, "तुमची मतं पुरली ना? मग माझं कशाला मागताय? मागताय म्हणजे त्याला काहीतरी मोल असणार. असं असेल तर मी नाही देत." आणि खाली बसली.

तुम्ही तिला नमस्कार केलात. सत्तरीचा माणूस, वाकून. मग आम्हाला सांगितलंत की खऱ्या संसदेत चौऱ्याण्णव जण 'नाही' म्हणाले, सगळे तिच्याच पक्षाचे. त्यांचे काही सहकारी आधीच अटकेत होते, म्हणून ते मत द्यायलाही नव्हते. आणि ते पत्र? "आलं नाही. त्यांनाही आलं नव्हतं."

पार्किंगमध्ये मी तुम्हाला गाठलं. "तुम्ही मला फसवलंत!"

"काय खोटं बोललो?"

"पत्र येतंय म्हणालात! मी थांबले असते पत्र येईपर्यंत."

"मग थांबली काहून नाहीस?"

"सगळे खोळंबले होते! चार वाजत आले होते!"

"हं," तुम्ही म्हणालात. "चार वाजत आले होते." तुमचा चेहरा विचित्र झाला होता. मला वाटलं, चिडवताय. मी आणखी चढले. "सोपं असतं हो काका असे खेळ मांडणं. तुम्ही तिथं असतात तर काय केलं असतंत?"

हॉलची किल्ली चर्चच्या बाईंना द्यायची राहिलीय असं म्हणून परत आत गेलात. मला वाटलं, जिंकले मी.

पुढं माझी पत्रकं मात्र तुमच्या लाल पेनाखालून जाऊ लागली. तुमच्या सूनबाई चहा ठेवायच्या आणि आपण स्वल्पविरामांवरून भांडायचो. तो शब्द मी पुन्हा कुठल्या कंपनीला चिकटवला नाही. पण हे शिकवल्याबद्दल आभार वगैरे मानले नाहीत, कारण आमच्यात आभार मानायची पद्धत नाही, आम्ही फक्त मागण्या करतो. आज मानते. उशीर झालाय हे ठाऊक आहे.

आता तो ठराव. अंक वाचणाऱ्यांना ठाऊक नाही म्हणून सांगते. आमच्या मोहिमेत अठरा जण. डॅरन आमचा पुढारी, स्वतः बारा वर्षं सफाईचं काम केलेला, मी पाहिलेला सर्वांत सच्चा माणूस. बैठका लांबायच्या, बायकांच्या बस चुकायच्या, आणि एकदा तर आमची चर्चा संपेपर्यंत कंपनीनं बोलणीच गुंडाळली. म्हणून ठरलं की मोहीम संपेपर्यंत सगळे निर्णय डॅरननं घ्यावेत: बोलणी, संप, समितीत कोण असावं आणि कोण नसावं. लिहायला मी. 'ही वेळ चर्चेची नाही' अशी सुरुवात केली होती. मला ती ओळ फार आवडली होती.

तुम्ही तो कागद दोनदा वाचलात. लाल पेन काढलंच नाहीत. त्याचीच मला भीती वाटायला हवी होती.

"हा अधिकार परत कधी घ्यायचा?"

"मोहीम संपली की."

"संपली हे कोण ठरवणार?"

"डॅरन." माझ्या तोंडून निघालं, आणि मी घाईनं म्हटलं, "काका, प्लीज. हे जर्मनी नाहीये. आम्ही अठरा जण आहोत, कम्युनिटी सेंटरमध्ये बिस्किटं खात भेटतो!"

"त्यांच्या कायद्यातही मुदत होती, पत्रकबाई. चार वर्षांची. कागदावर का होईना, होती. तुझ्यात तेवढीही नाही."

"डॅरन तसा माणूस नाहीये!"

"मी डॅरनबद्दल काही म्हटलंच नाही. मी तुझ्याबद्दल बोलतोय."

मी कागद हिसकावून घेतला. दारातून बाहेर पडताना बोलले, "तुम्हाला सगळीकडे जर्मनीच दिसते." हे माझं तुमच्याशी शेवटचं वाक्य. तुम्ही पाठीमागून हाक मारली होती. मी चपला पायात सरकवल्या आणि ऐकू न आल्यासारखं केलं. मंगळवारी सकाळी मिलिंदचा फोन आला की बाबा गेले, झोपेतच.

बुधवारी अंत्यविधीला आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत होतो. त्रिशरण झालं, पंचशील झालं. देशमुख आणि कुलकर्णी शेजारी शेजारी उभे होते, एकमेकांचा हात धरून. नंतर घरी मी मिलिंदला एका बाजूला घेतलं. मला एक गोष्ट खुपत होती. तुमच्यावर राग होता म्हणून मी त्या आठवड्यात लायब्ररीतून पुस्तक आणलं होतं, तुमची एखादी चूक सापडते का बघायला. सापडली. त्या दिवशी त्या सभागृहात भिंतींच्या कडेनं त्या माणसाचे गणवेशातले लोक उभे होते. बाहेरही जमाव घोषणा देत होता. तुम्ही खेळात हे घातलंच नव्हतंत.

"विसरले असतील का रे काका?"

"बाबा? विसरतील?" मिलिंद हसला आणि मग त्याचे डोळे भरले. "मी पण विचारलं होतं गं. म्हणाले, दाराशी पहारेकरी उभे केले की प्रत्येकाला सबब मिळते. आमच्या स्टाफरूमच्या दाराशी कुणीसुद्धा नव्हतं."

"कुठली स्टाफरूम?"

मग त्यानं सांगितलं. आणीबाणी लागल्यावर तुमच्या शाळेत शिक्षकांची बैठक झाली. सरकारच्या अभिनंदनाचा ठराव. हेडमास्तरांनी मांडला आणि विचारलं, अनुमोदन कोण देतं? सगळे खाली बघत बसले. मग तुम्ही हात वर केलात.

"घाबरले होते?"

"नाही ना. तेच त्यांना सहन व्हायचं नाही. कुणी धमकावलं नव्हतं, कुणी दबाव आणला नव्हता. बैठक लांबली होती आणि त्यांची पाचची एसटी होती." मिलिंदनं नाक पुसलं. "पुढं त्याच शाळेतल्या एका सरांना पोलीस घेऊन गेले. रजिस्टरमध्ये ठराव तसाच, खाली बाबांची सही. ते सर सुटून आले, बाबांशी नीट बोलायचे पण. बाबाच त्यांच्याकडे बघू शकले नाहीत कधी."

काका, मी तुमच्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

पार्किंगमध्ये मी विचारलं होतं की तुम्ही काय केलं असतंत, आणि तुम्हाला उत्तर माहीत होतं. माझ्यासारखी एखादी असती तर ते लपवण्यासाठी चार पत्रकं लिहिली असती. तुम्ही त्यातून एक अख्खा खेळ उभा केलात. आधी तीस वर्षं शाळेतल्या पोरांबरोबर, मग इथं, अर्ध्या जगापलीकडे, डबे घेऊन आलेल्या म्हाताऱ्यांबरोबर. आमच्यातल्या कुणाला कमी लेखायला नव्हे. आम्हाला तो क्षण आधी एकदा, फुकटात, अनुभवायला मिळावा म्हणून. पहारेकरी नसताना हात कसा वर जातो ते कळावं म्हणून. आणि ज्या दिवशी पहारेकरी कळले त्या दिवशी मला ते चौऱ्याण्णव कळले. तोवर तो एक आकडा होता. भिंतीला लागून उभ्या त्या रांगेसमोर, बाहेर घोषणा चाललेल्या, निकाल आधीच ठरलेला, आणि एकेक माणूस 'नाही' म्हणतोय. हे माणसांना जमतं? मी अजून त्याच्यापुढे तोंड उघडं टाकून उभी आहे. घोषणा सुचत नाही.

गुरुवारी संध्याकाळी सहाला बैठक होती. अठरापैकी सोळा जण आले. डॅरननं मला मिठी मारली, माझं कुणीतरी गेलंय हे त्याला माहीत होतं. "तू थकलीयस, हे पटकन उरकू आणि तुला घरी सोडतो," म्हणाला. तो असाच आहे. त्यानं माझा ठराव वाचून दाखवला. छान लिहिला होता, काका. ऐकताना मलाच पटत होता.

"कुणाचा विरोध?" त्यानं कागदावरून नजर न काढता विचारलं.

भिंतीजवळ कुणी नव्हतं. टेबलावर बिस्किटं होती. समोर माझं सगळ्यांत लाडकं माणूस, त्याचा चेहरा पडलेला मला बघायचा नव्हता, बस इतकंच होतं पणाला. तेवढ्यानंही हात दगडासारखा जड झाला होता. तो वर केला तेव्हा शेजारी बसलेल्या मेले नावाच्या बाईला, सामोआच्या आमच्या सर्वांत जुन्या सफाईवालीला, वाटलं मला बाहेर जायचंय.

डॅरन गोंधळला. "पण तूच लिहिलंयस ना हे?"

"हो," मी म्हणाले. "म्हणून मला माहितीये यात काय आहे."

मग मी बोलले. नीट बोलता आलं नाही, अडखळले, मध्ये रडू आलं, तुमच्या एसटीचं मी कुणाला सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की डॅरन उद्या आजारी पडला, किंवा चुकला, किंवा बदलला, तर त्याला थांबवायचा रस्ता मी या कागदात ठेवलेला नाही, आणि तो न ठेवणं ही माझी चूक आहे, त्याची नाही. कुणीतरी घड्याळ बघितलं. मतं झाली. चौदा विरुद्ध दोन, ठराव मंजूर. दुसरा हात मेलेचा. तिला मी 'का?' असं विचारलं, तर खांदे उडवून म्हणाली, "आमच्या गावात मुखियासुद्धा विचारून बोलतो, डार्लिंग."

डॅरन मला घरी सोडायला आला नाही. मी बसनं गेले. मला वाईट वाटलं, पण लाज वाटली नाही, आणि या दोन्हींत फरक आहे हे मला आधी कधी कळलंच नव्हतं.

मी मोहीम सोडलेली नाही, काका. बायकांचे पगार वाढायला हवेत, ते माझ्या एका मतानं बदलत नाही. येत्या गुरुवारी पुन्हा बैठक आहे. आता तिथं मतं घेणार नाहीत, फक्त कामं वाटून देणार. मी जाणार आहे, मेलेशेजारी बसणार आहे, वाट्याला येईल ते काम करणार आहे. आणि प्रत्येक कामाच्या वेळी, सगळे कंटाळले तरी, बस चुकली तरी, हात वर करून एकच विचारणार आहे: हे कुणी ठरवलं?